हार्ड डिस्कची घरघर

ताई गेली आणि तिचा जुना संगणक धाकट्या भावाच्या टेबलावर आला. तिने वीस वर्षं खपून लिहिलेलं पक्ष्यांचं पुस्तक त्याने बिनदिक्कत स्वतःच्या नावावर छापलं आणि तिच्या मूळ फाइली पुसून टाकल्या. मेलेलं माणूस थोडंच जाब विचारायला येतंय?

पुस्तक बाजारात आलं त्या दिवसापासून हार्ड डिस्क घरघरायला लागली. काहीही उघडलेलं नसलं तरी तिचा लाल दिवा विझेना.

शेवटी त्याने दुरुस्तीवालीला बोलावलं. तिने एकेक प्रोग्राम बंद केला, व्हायरस शोधला, इंटरनेटची वायर काढली. घरघर चालूच.

"काका, तुमच्या सगळ्या फाइलींमधलं एकच नाव कोणीतरी पुसत चाललंय," ती चाचरत म्हणाली.

त्याने घाईघाईने पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर ताईचं नाव होतं. मग त्याने पदवीचं प्रमाणपत्र उघडलं, लग्नपत्रिका उघडली. त्याच्या नावाच्या ठिकाणी नुसती कोरी जागा होती.

"बंद कर ते! आधी बंद कर!" तो किंचाळला.

तिने विजेची वायर उपटली. पडदा काळा झाला, तरी डिस्क घरघरत राहिली. मग काम उरकल्यासारखी आपणहून थांबली.

आरडाओरडा ऐकून त्याची बायको धावत आली आणि त्याला पाहून दारातच थबकली.

"हे कोण?" तिने दुरुस्तीवालीला विचारलं. "तुमच्याबरोबर आलेत का?"