बिनवासाचं पिल्लू

काकापोच्या मादीने पिल्लाला हुंगलं आणि पुन्हा पाठ फिरवली.

"गार पडत चाललंय ते," ढोलीत डोकावत चौबळ सर म्हणाले.

न उडणाऱ्या या पोपटांच्या अंगाला मधासारखा वास येतो. न्यूझीलंडच्या या बेटावरची मांजरं त्याच वासाने त्यांना गाठत. म्हणून सरांची सहकारी रेवती हिने अंड्यातच वासाचं जनुक बंद केलं होतं. चाचणीत मांजर पिल्लाजवळून सरळ निघून गेलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता आईलाही ते पिल्लू म्हणजे दगड वाटत होतं.

रेवतीला आपला लेक आठवला. पाळणाघरात तो रडायचा थांबत नसे, म्हणून ती आपल्या नेसत्या साडीचं दुपटं सोबत द्यायची. तिने ढोलीतला भुसा मूठभर उचलला आणि पिल्लाच्या अंगाला चोळला.

मादीने हुंगलं. मग चोचीने पिल्लाला हळूच पोटाखाली ओढलं.

"आता मांजरालाही कळणार, रेवती."

"कळू दे, सर. आपण भलत्याच प्राण्यावर काम केलं. मांजरांचंच नाक बंद करू या."

सरांनी ढोलीकडे बोट दाखवलं.

"मग मांजरीने तिची पिल्लं कशी ओळखायची?"