कॅमेरा बघायला आलेला मुलगा

धवल असं नाव सांगून आलेल्या मुलाने कॅमेऱ्याची बॅटरी काढली, ओटीवरच्या टेबलावर ठेवली आणि बोटाने हलकेच फिरवली.

“फुगलेली असली की भोवऱ्यासारखी फिरते, काका. ही फिरत नाही, म्हणजे ठीक आहे.”

शांतारामांनी स्वतः एकदा फिरवून खात्री करून घेतली.

समोर बसलेली त्यांची मुलगी विनिता महत्प्रयासाने हसू आवरत होती. मुलाचं नाव धवल नव्हतंच. तो तुळिंजचा सिद्धेश होता, आणि ज्या कॅमेऱ्याची तो एवढी कसून तपासणी करत होता तो त्याचा स्वतःचाच होता.

दुसरा इलाज नव्हता. गेल्या वर्षी तिने घरात विषय काढला, एक मुलगा आहे, फोटोग्राफर आहे. शांतारामांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. “फोटो हल्ली शेंबडं पोरही काढतं फोनवर. नाव सांगू नकोस, आणि त्याला घरी बोलावू का म्हणून विचारूही नकोस.” तेव्हापासून विनिताने दोन स्थळं नाकारली होती आणि बापलेकीतलं बोलणं मोजकंच उरलं होतं. सिद्धेशशिवाय तिला राहायचं नव्हतं आणि बाबांना दुखवून लग्नही करायचं नव्हतं.

म्हणून ही शक्कल. सिद्धेशचा जुना कॅमेरा तिने घरी आणून ठेवला, शाळेच्या कार्यक्रमांसाठी घेतला होता, आता विकायचाय, अशी थाप मारली आणि गिऱ्हाईक रविवारी येईल म्हणून सांगितलं. शांताराम म्हणजे अख्ख्या उमेळ्यात जुन्या वस्तूंचे पारखी. कोणाला जुना पंप घ्यायचा असो की टेम्पो, त्यांना बरोबर नेल्याशिवाय पान हलत नसे. व्यवहार म्हटल्यावर ते समोर ठाण मांडून बसणार हे ठरलेलंच होतं. बसलेही, चक्क इस्त्रीचा शर्ट घालून. एकदा माणूस आवडला की नाव सांगणं सोपं जाईल, असा विनिताचा अंदाज होता.

सिद्धेशने लेन्स उजेडाकडे धरली. “खाडीच्या हवेने बुरशी धरते, काका. ही बघा, कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते ती.”

विनिताने डोळे वटारले. स्वतःच्याच कॅमेऱ्याला नावं ठेवायची काय गरज होती?

“म्हणजे आता भाव पाडून मागणार तू,” शांताराम म्हणाले.

“नाही. फोटोत अजून उतरत नाही ती. पण वेळेवर साफ करायला हवी, म्हणून सांगितलं.”

मग त्याने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून आत धूळ गेली आहे का ते पाहिलं. आजवर किती फोटो काढून झालेत, तो आकडाही शोधून दाखवला.

“गाडीच्या किलोमीटरसारखं,” शांताराम खूश झाले. “टेम्पोवाले काटा मागे फिरवतात. हा फिरतो?”

“मला तरी येत नाही, काका.”

“घेऊन करणार काय?”

“कारखान्यांच्या मालाचे फोटो काढतो. लग्नसराईत लग्नं.”

विनिताने श्वास रोखला. पण शांतारामांच्या कपाळावर एकही आठी उमटली नाही.

“घरी कोण असतं?”

“आई आणि मी.”

“बाबा, कॅमेरा विकताय की चौकशी करताय?”

“वस्तू चांगल्या घरी जावी, एवढंच.” आतून नारळ खवल्याचा आवाज येत होता. विनिताची आई मनोरमाबाई आत्तापर्यंत दोनदा दारातून डोकावून गेल्या होत्या. “आणि काय रे, बिल नाही विचारलंस?”

सिद्धेशचा चेहरा उतरला. बिलावर त्याचंच नाव होतं.

“बिल हरवलं, बाबा,” विनिता घाईघाईने म्हणाली.

“चालेल तुला, बिलाशिवाय?”

सिद्धेशने विनिताकडे पाहिलं, मग शांतारामांकडे. “नाही, काका. बिल नसेल तर मी घेणार नाही. वस्तू कोणाची आहे ते कळायला नको?”

विनिताने कपाळावर हात मारायचाच बाकी ठेवला. हा शहाणा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता.

शांतारामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “बिल आहे. परवा कॅमेऱ्याची बॅग झटकली तेव्हा आतल्या कप्प्यात सापडलं.” त्यांनी चष्मा चढवला आणि कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर बिलाशी ताडून पाहिला, एकेक आकडा बोट ठेवून. नंबर जुळला. कागद पुन्हा खिशात गेला. त्यांनी आकड्यांपलीकडे काही वाचलं नाही, असं समजून विनिताच्या जिवात जीव आला.

“मग घेऊ मी, काका?”

“नाही. हा कॅमेरा विकायचा नाही.”

“पण का, बाबा?”

शांतारामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. सिद्धेशने कॅमेरा पुसून टेबलावर ठेवला, हरकत नाही म्हणाला आणि पायरी उतरून चपला घालू लागला. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर वाट पाहिली होती, तासभर नाटक केलं होतं आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

“मनोरमा, पानं घे,” शांतारामांनी आत हाक दिली. मग ते पायरीकडे वळले.

“चपला काढा आणि वर या, सिद्धेशराव.”