न मारलेली हाक

“हाक मारा, मावशी,” फाटकावरचा कंडक्टर पुन्हा म्हणाला.

मावशीने हाक मारली नाही. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, कुंपणापाशी उभी असलेली तांबडी गाय मान वळवून तिच्याकडेच बघत होती.

वणवा पेटला आणि डोंगराखालच्या वस्त्या रिकाम्या झाल्या, तेव्हापासून हे खेळाचं मैदान जनावरांनी भरलं होतं. त्यांना सांभाळणारी सगळी आपणहून आलेली माणसं. कंडक्टर एरवी बसमध्ये तिकिटं फाडायचा, आता फाटक धरून बसला होता. ज्याचं त्याला मिळावं म्हणून त्याने एक रीत घालून दिली होती. मालकाने फाटकाशी उभं राहून हाक मारायची, जनावर ओळखून जवळ आलं की न्यायचं. एका गृहस्थाने हाका मारमारून घसा बसवला, तरी त्याचा कुत्रा ढिम्म हलला नाही. बायकोने नुसतं ‘चल’ म्हटलं आणि स्वारी निघाली. घरात कुणाचं चालतं, ते त्या दिवशी चारचौघांत ठरलं.

मावशी पहिल्याच दिवशी एकटी आली होती. शेजारच्या शाळेत तिला जागा मिळाली. तिथे तिने शेजारी शेजारी दोन चटया अंथरल्या. रोज सकाळी फाटकावर येऊन ती विचारायची, “तांबडी गाय आली का हो? एक शिंग खाली वळलेलं आहे.” कंडक्टर नाही म्हणायचा. तिचा चेहरा पडायच्या ऐवजी उलट मोकळा व्हायचा, आणि ती आल्या पावली परत जायची. कंडक्टरला याचं नवल वाटे.

आज गाय आली. एकटीच, रस्त्याने चालत. शेपटीचा गोंडा जळलेला, गळ्यात दाव्याचा तुकडा लोंबणारा. कंडक्टरला इतका आनंद झाला की तो स्वतः शाळेत जाऊन मावशीला घेऊन आला. आणि आता हे असं.

“ही माझी नाही,” मावशी म्हणाली.

“अहो, शिंगसुद्धा तुम्ही सांगितलं तसंच आहे.”

“अशा गाई छप्पन्न असतील.”

कंडक्टरचं डोकं फिरलं. ज्यांना कुणी मालक नाही अशी जनावरं संध्याकाळच्या ट्रकने लांबच्या गोठ्यांत जाणार होती. एकदा गेलेली गाय मग कुठे शोधायची? घर जळालं की माणसाला जनावर जड होतं, हे त्याने या दिवसांत पाहिलं होतं. मावशीही त्यातलीच निघाली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

“चारापाण्याची अडचण असेल तर तसं सांगा, आम्ही बघू,” तो म्हणाला. “पण मुक्या जनावराशी असं वागू नका.”

तेवढ्यात गाय निघाली. हाकेची वाट न बघता सरळ चालत आली आणि मावशीच्या खांद्यावर तोंड घासू लागली. मावशी दगडासारखी उभी राहिली. पण हात थोडाच ऐकतो? तो आपसूक गाईच्या गळ्याखाली गेला, खाजवू लागला आणि दाव्यापाशी अडखळला. दावं ओढून तुटलेलं नव्हतं, जळलेलंही नव्हतं. कोयत्याच्या एका घावात कापलेलं होतं. मावशीने ते टोक मुठीत घट्ट धरलं.

“कुणीतरी आगीत शिरून सोडवलंय हिला,” कंडक्टर जरा नरमला. “भला माणूस असणार.”

मावशीने मान हलवली.

“मी निघताना आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला,” ती म्हणाली. “तर म्हणाले, ‘तू हो पुढे. गाय आणि मी बरोबरच येतो.’”