दोमितिलाचा काटा

तापाने दोमितिलाचे कान गेले, तेव्हा तिचा मुलगा एलॉय ट्रकच्या किल्ल्या मागायला आला. उभा जन्म तिने इंजिनाच्या आवाजावर गाडी हाकत डोंगरावरचे बटाटे खाली कोचाबांबा शहरात उतरवले होते. ओठ वाचता यावेत म्हणून तो सावकाश बोलला, "आई, इंजिनाची कुरकुर आता तुला कशी कळणार?" किल्ल्या मुठीतच ठेवून तिने बाजारातून इंजिन हवा किती ओढतं ते काट्याने दाखवणारं व्हॅक्यूम गेज आणलं, रबरी नळीने इंजिनाला जोडलं आणि स्टिअरिंगसमोर बसवलं. गाडी सुरू केली. काटा स्थिर राहिला, म्हणजे इंजिन ठीक चाललं होतं. "नुसतं खेळणं आहे!" म्हणत एलॉयने उघड्या बॉनेटआडून गुपचूप एका प्लगची वायर उपसली. काटा थरथरू लागला. दोमितिला खिडकीतून ओरडली, "वायर लाव, मेल्या! कान गेलेत माझे, डोळे नाही गेले!" वायर जोडून, बॉनेट बंद करून एलॉय क्लीनरच्या जागेवर जाऊन बसला.