यादीतलं नाव

नव्या पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."

आक्का दारातच थबकली. ओले हात पुसायचे राहून गेले.

दर रविवारी प्रार्थनेसाठी नावं वाचायला लागले की ती उठायची आणि मागच्या खोलीत चहाचं आधण ठेवायला जायची. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत, तीस वर्षं या चर्चमध्ये चहा आक्काचाच. आजारी कोण, अडचणीत कोण, हे यादीतून ऐकायची तिला गरज नव्हती. पाळकांच्या आधी तिच्या कानावर आलेलं असायचं. शेवटचं गीत सुरू झालं की ती परत पहिल्या बाकावर हजर. आज नव्या शेगडीवर पाणी झटक्यात तापलं आणि ती लवकर आली. आली, तर हे.

यादीत कारण वाचायची पद्धत नव्हती. तुम्ही चिठ्ठी टाकायची, पाळकांनी नाव वाचायचं, लोकांनी आमेन म्हणायचं. बाकीचं देवाला ठाऊक.

आणि तिचं गुपित? ते फक्त देवालाच ठाऊक होतं, निदान आतापर्यंत.

गुरुवारी ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली होती. डाव्या काखेत गाठ. डॉक्टरांनी सुई टोचून नमुना तपासणीला पाठवला, सोमवारी या म्हणाले. घरी तिने सांगितलं, चपला बघायला गेले होते, एक जोड धड नाही. दवाखान्याचा कागद तिने आपल्या बायबलात लपवला, तोही शिरगणतीच्या याद्यांनी भरलेल्या गणनेच्या पुस्तकात, जिथे घरातलं कुणी चुकूनही फिरकत नाही. बाहेरच्या माणसाला तो सापडणं शक्य नव्हतं. राहिलं कोण? सून.

गीत सुरू झालं. आक्का आपल्या बाकापाशी जाऊन उभी राहिली, तोंड हलवत राहिली. कोणतं कडवं चाललंय याचा पत्ता नव्हता. डावा हात सारखा काखेकडे जायचा, उजवा हात त्याला खाली ओढायचा. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या आजारपणात डबे पोचवले होते. डबा घेताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिने दारादारांत पाहिलं होतं. तसला चेहरा तिला स्वतःला नको होता. गाठ परवडली, पण कीव नको.

आशीर्वाद कधी झाला ते तिला कळलंसुद्धा नाही. बाकावरून उठते तोच ऑर्गनवाल्या बाईने तिचे दोन्ही हात धरले.

"आक्का, आज तुमचं नाव ऐकलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"वाटणारच. माझ्या बाकावर डोळा आहे ना तुझा!"

ऑर्गनवाली खळखळून हसली. आक्काचं टाळकं सणकलं. शिंपीकाका, जे जन्मात कुणाशी दोन शब्द गोड बोलले नव्हते, त्यांनी जाता जाता मान लववली. चहाच्या खोलीत दोघीजणी खुर्ची घेऊन पुढे आल्या.

"आक्का, आज तुम्ही बसायचं. चहा आम्ही देतो."

"का? माझे हात गळून पडले?"

"अहो, आजच्या दिवस तरी..."

"अजून गेले नाही मी! ती खुर्ची ठेवा बाजूला."

त्या पुन्हा हसल्या. आज जो तो हसत होता. पाळकसाहेब दाराशी हस्तांदोलन करत उभे होते. आक्काने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

"माझ्या नावाची चिठ्ठी कुणी टाकली?"

"तुमच्या सुनेनं." पाळकांचं तोंड भरून हसू. "दुसऱ्या कुणाला सुचणार, आक्का?"

सून कपांचा ट्रे घेऊन येत होती. आक्का गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. घरी जाऊन बोलावं, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. पण मनात आलेलं तिच्या जिभेने कधी ऐकलंय?

"काय गं, माझ्या पुस्तकात कधीपासून नाक खुपसायला लागलीस?"

"आई? काय झालं?"

"आई-बिई म्हणू नकोस. घरातली गोष्ट चार दिवस पोटात राहिली नाही तुझ्या! गाठ माझ्या काखेत आहे, तुझ्या नाही. कॅन्सर निघाला तर निघाला, मी बघून घेईन त्याच्याकडे. पण या सगळ्यांनी डोळे मिटून माझी कीव करायची, हे मला नको होतं. गावभर दवंडी पिटायची होती, तर मला विचारायचं तरी होतंस!"

कुणाचा तरी कप बशीत आपटला. ऑर्गनवालीने तोंडावर हात धरला. पाळकसाहेब दारातून दोन पावलं आत आले आणि तिथेच थांबले. आक्का सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. एकही चेहरा हे आधीपासून जाणणाऱ्याचा नव्हता.

सुनेने ट्रे खाली ठेवला. ठेवताना तीन कप कलंडले, तिने ते उचलले नाहीत.

"नवे पाळक शेवटी आभाराची नावंसुद्धा वाचतात, आई. तुम्ही तेव्हा इकडे चहापाशी असता." ती एक पाऊल पुढे आली. "काल माझा नर्सिंगचा निकाल लागला. दोन वर्षं माझी पोरं तुम्ही सांभाळलीत, म्हणून मी तुमचं नाव दिलं. कसली गाठ, आई?"