उजवं-डावं

थोरल्या भावाच्या नव्या घरासाठी मी भुईगावच्या वाडीत उभं असलेलं कुत्र्यासकट आमचं अख्खं कुटुंब कॅनव्हासवर रंगवलं. चित्रकाराने नम्र असावं, म्हणून स्वतःला अगदी डाव्या कडेला ठेवलं.

फादर घर आशीर्वादित करायला आले, तेव्हा चित्र भिंतीवर होतं. त्यात मी नव्हतो. "फ्रेमवाल्याने घोळ घातला रे," भाऊ म्हणाला.

मी तडक आगाशीला त्या फ्रेमवाल्याकडे गेलो. "अंकल, चौकट तुमच्या भावांनी आधीच आणलेली, चित्र चार इंच मोठं निघालं," तो म्हणाला. "एक बाजू मागे दुमडून ठोकावीच लागणार होती. कोणती, ते मी मोठ्या अंकलना विचारलं."

"मग?"



"म्हणाले, डावी दुमड. उजवी दुमडलीस तर कुत्र्याची शेपटी जाईल."