झुंबरबाईच्या घराची पाहणी

झुंबरबाईंनी चहाचा कप पुढं केला, तसा अंगद वकील दोन पावलं मागं सरकला.

"घ्या की साहेब. अद्रकीचा हाय."

"नको." त्यानं कपाकडं असं पाहिलं, जसं काही आत समन्स बुडवून ठेवलंय. चहा कोण पाजतं? ज्याचं घर असतं तो. आणि हे घर आहे, हेच तर त्याला मान्य नव्हतं.

भानगड साधी होती. अंगदच्या अशील कंपनीचा मोबाइलमधला नकाशा घनसावंगीतलं हे घर 'सार्वजनिक शौचालय' म्हणून दाखवत होता. दीड वर्षापासून जीपमधून उतरलेली माणसं फोनकडं बघत बघत थेट अंगणात येत होती. झुंबरबाईंनी दावा लावला, की नकाशावरून ते नाव काढा. कंपनीतर्फे अंगदनं लेखी उत्तर दिलं, की नकाशा बरोबर आहे, जागा सार्वजनिकच आहे, आणि दोनशे बारा लोकांनी तिला पाचपैकी चार पूर्णांक चार दशांश तारे दिलेले आहेत. मग कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर नेमला. त्या भावना मॅडम आता टेप आणि वही घेऊन अंगणात उभ्या होत्या.

अंगदची तेरा वर्षं असल्याच चुकांचा कोर्टात बचाव करण्यात गेली होती. जालन्यातले दोन पेपर, पाच यूट्यूब चॅनेलं आणि आता ही कंपनी. एका जिवंत माणसाला श्रद्धांजली छापणारा पेपर त्यानं निर्दोष सोडवला होता. वादी जिवंत असल्याचं आम्हाला मान्य नाही, एवढंच तो म्हणत राहिला. वादी समोरच उभा होता. आता हा दावा जिंकला, की कंपनी मराठवाड्यातले आठही जिल्हे त्याच्याकडं देणार होती.

म्हणून तो सावध होता. इथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं ठरवून तो स्टँडवर सात मिरची भजी खाऊन आला होता.

"ही बादली भरलेली दिसते," तो अंगणातल्या संडासाच्या पत्र्याच्या दाराकडं बघत म्हणाला. "पाहणी आहे म्हणून भरली?"

"बादली भरूनच ठेवतेत, साहेब."

"लिहा मॅडम. पाणी तयारीत." त्यानं खिशातून कागद काढला. "'पाणी भरपूर. बाई रागावतात, पण जाऊ देतात.' नकाशावर हा अभिप्राय कुणी लिहिला?"

"मला काय म्हाईत. माझ्याकडं मोबाइल न्हाई."

"हेच संशयास्पद आहे. जाऊ देता, हे खरं ना?"

"पयले न्हाई देत व्हते. मंग एक म्हातारं आल्तं. त्येचं तोंड बघून म्हन्लं, जा बाबा."

"म्हणजे सेवा दिली. लिहा मॅडम."

"हेबी लिहा मंग," झुंबरबाई भावना मॅडमकडं वळल्या. "अंगणातली लाईन बघून माझी सून म्हायेरी गेली, हसनाबादला. म्हन्ली, नाव निघंल तवाच येईन. नातू बी तिकडंच हाय."

"सून असल्याचा पुरावा?" अंगदनं विचारलं.

झुंबरबाईंनी दोरीकडं बोट केलं. तिथं एक इवलंसं झबलं वाळत होतं. "निघताना राह्यलं. रोज धुते."

"रोज? घालणारं कुणी नसताना?" अंगदनं डोळे बारीक केले. पुढचा प्रश्न त्याच्या तोंडात होता. तो तिथंच राहिला. पोटात काहीतरी सरकलं. मग थांबलं. मग पुन्हा सरकलं, या खेपेला ठाम.

त्यानं पाठ फिरवली आणि फोनमध्ये घाईघाईनं जवळपासची सोय शोधली. फोन मोठ्यानं म्हणाला, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

भावना मॅडम वहीत बघत राहिल्या.

"मॅडम," अंगद घाम पुसत म्हणाला, "मला आतूनही पाहणी करावी लागेल."

"करा."

"वेळ लागेल."

"सावकाश."

आत गेल्यावर त्यानं कडी लावली आणि सवयीनं कडीवरही संशय घेतला. तिचा एक स्क्रू नव्हता. दुसरा विचारात होता.

बाहेर जीप थांबली. चपला अंगणातून फटफट करत आल्या आणि दार हललं.

"कोन हाय आत? जल्दी करा."

अंगदनं आतून कडी धरून ठेवली.

"अहो, नकाशात बघून आलोय. सार्वजनिक हाय ना हे?"

बाहेर भावना मॅडमचं पेन थांबलं. उत्तर अंगदला पाठ होतं. त्यानं ते स्वतः टाइप करून घेतलं होतं, लेखी उत्तरातला मुद्दा क्रमांक सात, खाली सही. आठ जिल्हे त्याच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेले.

"अडवून काय बसला राव? सगळ्यांचं हाय," असं म्हणत त्या माणसानं दार दोन्ही हातांनी धरून ओढलं. स्क्रू अर्धा बाहेर आला.

"सगळ्यांचं नाही," आतून अंगद ओरडला. "घरगुती आहे. बाईचं घर आहे हे. नकाशा चुकीचा आहे."

चपला थोडा वेळ जागीच घुटमळल्या. मग तशाच फटफट करत परत गेल्या.

"लिहिलं का?" झुंबरबाईंनी हळूच विचारलं.

"शब्दाला शब्द," भावना मॅडम म्हणाल्या. "साहेब बाहेर आले की सही घेते."

झुंबरबाई घरात जाऊन गॅस पेटवून आल्या आणि त्यांनी पत्र्याच्या दारावर दोन बोटांनी टकटक केलं. "साहेब, निवांत या. चहा पुन्यांदा ठेवलाय."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग अंगदचा.

"साखर कमी."